प्रोजेक्टवाला प्रोग्रामिंग कोर्स: ग्रुप ठरवण्यापासून व्हायव्हापर्यंत (तोंडी परीक्षेपर्यंत) कसं जायचं आणि कुठे चुकतं

"ताई, परवा सबमिशन आहे, चौघांचा कोड एकत्र केला तर काहीच चालत नाहीये." हा फोन मला दर सेमिस्टरला येतो. नाशिकमधल्या वेगवेगळ्या कॉलेजांतली मुलं असतात, कधी पंचवटीकडची, कधी त्र्यंबक रोडची, पण अडचण तीच. आणि परवा सबमिशन असताना करण्यासारखं खरंच फार थोडं उरलेलं असतं, म्हणून हे आधीच लिहून ठेवतेय. नाव काहीही असो, पीबीएल (प्रोजेक्ट करत शिकायचा कोर्स), मिनी प्रोजेक्ट, प्रोजेक्ट लॅब, ज्या कोर्सला पूर्ण सेमिस्टर ग्रुपने एक सॉफ्टवेअर बनवायचंय त्या सगळ्यांना हे लागू आहे.

मुळातली चूक अशी होते की थिअरी पेपरची सवय आपण इकडे आणतो. पेपरला शेवटच्या १५ दिवसांत मागचे पेपर सोडवून पार होता येतं, इथे येत नाही, कारण कोड लिहायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ चौघांचं काम एकमेकांत बसवायला आणि न चालणारं चालतं करायला जातो, आणि तो वेळ शेवटी दाबून कमी करता येत नाही. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तुमच्याकडे अगदी लहान पण पूर्ण चालणारं काहीतरी हवं, फॉर्ममध्ये टाकलेलं डेटाबेसमध्ये जातंय आणि परत स्क्रीनवर दिसतंय, बस एवढं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच या क्रमाने लावल्यात.

## १. पहिला आठवडा: आधी विचारून घ्या, मग लॅपटॉप तयार करा

सिलॅबसची प्रत काढा आणि मार्क कशाला किती आहेत ते वाचा. गाईडना (प्रोजेक्टवर लक्ष ठेवणाऱ्या सरांना) किंवा लॅबच्या मॅडमना पहिल्याच भेटीत विचारा: रिव्ह्यू किती आणि कधी, लॉगबुकवर दर आठवड्याला सही लागते का, मार्क ग्रुपला सारखे की प्रत्येकाचे वेगळे, लँग्वेजचं बंधन आहे का, एआय टूल वापरलेलं चालतं का आणि चालत असेल तर रिपोर्टमध्ये लिहायचं का. उत्तरं त्याच दिवशी ग्रुपवर लिहून टाका. बऱ्याच ठिकाणी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, ओरलला येतात आणि प्रत्येकाला वेगळं विचारतात, हे मुलांना शेवटच्या आठवड्यात कळतं.

मग लॅपटॉप. चौघांकडे लँग्वेजचं व्हर्जन एकच टाका. एकाकडे जुना पायथन आणि दुसऱ्याकडे नवीन असेल तर लायब्ररी एकाकडे बसते, दुसऱ्याकडे एरर देते आणि त्यात आख्खा शनिवार जातो. प्रोजेक्टचं फोल्डर सी किंवा डी ड्राइव्हवर साध्या इंग्रजी नावाने ठेवा, नावात स्पेस नको, मराठी अक्षर नको. डेस्कटॉपवर तर ठेवूच नका, कारण विंडोजमध्ये बऱ्याचदा डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला असतो आणि ते हजारो लहान फायली सिंक करत बसतं, मधेच फाईल लॉक होते. अँड्रॉइड अ‍ॅप करणार असाल आणि रॅम ८ जीबी असेल तर इम्युलेटरच्या (लॅपटॉपवर चालणाऱ्या नकली फोनच्या) नादी लागू नका, स्वतःचा फोन केबलने जोडा, यूएसबी डिबगिंग चालू करा, काम खूप हलकं होतं.

गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं टूल, आणि गिटहब म्हणजे तो कोड सगळ्यांसाठी ऑनलाइन ठेवायची जागा. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर गिट आणि प्रत्येकाचं गिटहबचं खातं वेगळं हवं. इथे दोन गोष्टी नेहमी अडतात. एक, पुश करताना, म्हणजे आपला कोड गिटहबवर चढवताना, गिटहबचा पासवर्ड टाकत बसतात. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब कमांड लाईनवरून पासवर्ड घेत नाही, टोकन किंवा एसएसएच की लागते, जुन्या व्हिडिओत मात्र अजून पासवर्डच दाखवतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: लॅपटॉपवर गिटमध्ये टाकलेला ईमेल गिटहबच्या खात्याला जोडलेला नसेल तर तुमचे कमिट (नोंदवलेले बदल) तुमच्या नावावर दिसत नाहीत. गाईडनी योगदान बघायला रेपो (प्रोजेक्टचं गिटहबवरचं फोल्डर) उघडला आणि तुमचं नावच नाही, असं व्हायला नको.

तपासा: चौघांनी एका रिकाम्या रेपोत आपापल्या नावाची एक फाईल टाकून पुश केली आणि गिटहबवर चारही नावं दिसली की ही पायरी झाली.

## २. ग्रुप आणि कामाची वाटणी

मित्र म्हणून ग्रुप करता ते ठीक आहे, पण वेळ जुळते का ते आधी बघा. एकजण सिन्नरहून येऊन-जाऊन करतो, एक ओझरहून, एक हॉस्टेलला, एकाचा संध्याकाळी पार्टटाइम जॉब, अशा ग्रुपला "रात्री भेटू" कधीच जमत नाही. त्यामुळे कॉलेजच्या टाइमटेबलमध्येच दोन लेक्चरच्या मधला किंवा लॅब संपल्यावरचा एक ठरलेला तास पकडा, आठवड्यातून दोनदा, आणि तो पाळा.

आता वाटणी. जवळजवळ सगळे ग्रुप अशी करतात: एक फ्रंटएंड (स्क्रीनवर दिसणारा भाग), एक बॅकएंड (मागचा हिशोबाचा कोड), एक डेटाबेस आणि चौथा रिपोर्ट. दिसायला नीटनेटकी वाटते, पण यात प्रत्येकजण दुसऱ्याची वाट बघत बसतो, दहाव्या आठवड्यापर्यंत कुणाचंच काम एकमेकांना जोडून बघितलेलं नसतं आणि रिपोर्टवाल्याला व्हायव्हात कोडचा एकही प्रश्न सुटत नाही. मी अशी मुलं बघितलीत जी हुशार होती पण "तू रिपोर्ट कर, तुझं इंग्लिश चांगलंय" म्हणून बाजूला बसवली गेली आणि सेमिस्टर संपल्यावर हाती काहीच आलं नाही. मुलींच्या बाबतीत हे जास्त होतं, आणि ते थांबायला हवं.

त्यापेक्षा कामं सॉफ्टवेअरमधल्या सोयींप्रमाणे, म्हणजे फीचरप्रमाणे वाटा. उदाहरणार्थ, एकीने नोंद टाकण्याचं सगळं करायचं, म्हणजे तिचा फॉर्म, तिचा टेबल, तिचा मधला कोड. दुसऱ्याने यादी आणि शोध. तिसऱ्याने हिशोब. चौथ्याने अशीच आणखी एक सोय. रिपोर्टमधला आपापला भाग ज्याने त्याने लिहायचा.

सावध: एखादा मेंबर दोन आठवडे गायब असेल तर तिसऱ्या आठवड्याची वाट बघू नका, गाईडना सांगा. ही चुगली होत नाही. सबमिशनच्या दिवशी सांगितलेलं कुणी ऐकून घेत नाही, पाचव्या आठवड्यात सांगितलेलं ऐकतात.

## ३. विषय निवडताना

सिंहस्थ जवळ आला की कुंभमेळ्यातली गर्दी एआयने मोजणारं अ‍ॅप हा विषय आपल्याकडे प्रत्येक बॅचमध्ये निघतो. विषय वाईट नाही, पण तुमच्याकडे गर्दीचा डेटा नाही, कॅमेरे नाहीत, आणि रामकुंडावर जाऊन ते वापरून बघणारं कुणी नाही. मग शेवटी इंटरनेटवरचे परदेशी गर्दीचे फोटो टाकून डेमो होतो आणि पहिल्या प्रश्नालाच अडकायला होतं.

विषयाला तीन प्रश्न विचारा. वापरणारा माणूस मला प्रत्यक्ष भेटू शकतो का? डेटा आज मिळतो का? आणि तीन मिनिटांत दाखवता येईल का? तिन्हीला हो असेल तरच पुढे जा.

एक उदाहरण घेते आणि तेच शेवटपर्यंत वापरते. ग्रुपमधल्या कुणाच्या तरी घरी किंवा मामाकडे द्राक्षबाग असतेच, निफाड, दिंडोरी, पिंपळगाव कुठेही. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू होतात. प्रत्येक औषधाला पीएचआय असतो, म्हणजे फवारल्यापासून किती दिवस काढणी करायची नाही ते, आणि निर्यातीच्या मालाची रेसिड्यू टेस्ट (औषधाचा अंश उरलाय का याची तपासणी) होते म्हणून हे दिवस चुकून चालत नाहीत. बहुतेक जण हे डायरीत लिहितात. तर प्रोजेक्ट असा: फवारणीची नोंद टाकायची आणि त्या प्लॉटची काढणी कोणत्या तारखेपासून चालेल ते दिसायला हवं. दिसायला लहान आहे, पण यात एका सेमिस्टरला पुरेल एवढं काम आहे.

विषय ठरला की कोड उघडायच्या आधी त्या माणसाकडे जा आणि त्याची डायरी बघा. तुम्ही घरी बसून फॉर्म ठरवाल: प्लॉट नंबर, औषध, डोस, तारीख. डायरी उघडली की कळतं, प्लॉटला नंबर नाही, "विहिरीजवळचा" आणि "रोडचा" अशी नावं आहेत. एका टाकीत दोन-तीन औषधं एकत्र जातात. डोस कधी लिटरमागे लिहिलाय, कधी एकराला. म्हणजे एका फवारणीत अनेक औषधं, म्हणजेच फवारणीचा टेबल वेगळा आणि त्यातल्या औषधांचा वेगळा. हे दुसऱ्या आठवड्यात कळलं तर अर्ध्या तासाचं काम आहे, आणि नवव्यात कळलं तर सगळे फॉर्म, सगळ्या क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढायच्या आज्ञा) परत लिहाव्या लागतात.

## ४. सिनॉप्सिस: काय करणार नाही तेही लिहा

सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे सुरुवातीला द्यायच्या प्रोजेक्टच्या आराखड्यात, सगळे मोठी यादी देतात, हवामान अंदाज, चॅटबॉट, बाजारभाव, पानाचा फोटो काढून रोग ओळखणं. लिहिलेलं सगळं पुढे रिव्ह्यूला विचारलं जातं. त्यामुळे तीन भाग करा: नक्की करणार, वेळ उरला तर करणार, आणि या वेळी करणार नाही. पहिल्या भागात तीन ते चार सोयींपेक्षा जास्त नको.

गाईड म्हणाले "यात मशीन लर्निंग टाका" तर लगेच हो म्हणू नका आणि वादही घालू नका. सिनॉप्सिसमधली यादी समोर ठेवा, डेटा कुठून आणायचा ते विचारा, आणि मूळ भाग पूर्ण झाल्यावर घेतो असं सांगून दुसऱ्या भागात लिहा. बहुतेक गाईड हे मान्य करतात, कारण त्यांनीही दरवर्षी अर्धवट प्रोजेक्ट बघितलेले असतात.

## ५. तिसरा आठवडा: एक धागा आरपार

इथे सगळ्यात जास्त ग्रुप घसरतात, म्हणून इथे जरा थांबते.

मुलं सुरुवात लॉगिन पेजपासून करतात. मग रजिस्ट्रेशन, मग पासवर्ड विसरलात का, मग ओटीपी, मग मागे बागेचा फोटो आणि बटणाचे रंग. तीन-चार आठवडे गेलेले असतात आणि ज्यासाठी प्रोजेक्ट आहे त्याची एक ओळही लिहिलेली नसते. लॉगिन शेवटी करा. रंग तर त्याच्याही नंतर.

क्रम असा ठेवा. आधी डेटाबेसमध्ये दोन टेबल बनवा आणि हाताने चार नोंदी टाका, त्या डायरीतल्या खऱ्या नोंदी. मग त्या नोंदी वाचून नुसत्या टेक्स्टमध्ये स्क्रीनवर दाखवणारा कोड. मग एक फॉर्म, ज्यातून पाचवी नोंद जाईल. मग तारखेचा हिशोब, प्रत्येक औषधाची फवारणीची तारीख अधिक पीएचआयचे दिवस, आणि त्यातली सगळ्यात उशिराची तारीख म्हणजे उत्तर. दिसायला अगदी साधं दिसेल, काळी अक्षरं पांढऱ्या पानावर, पण प्रोजेक्टचा जीव एवढाच आहे आणि तो आता चालतोय, यापुढे जे काही टाकाल ते चालत्या गोष्टीला जोडाल.

डेटाबेस मराठी नावं घेतो का हे याच आठवड्यात बघा. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ८.० च्या आधीच्या व्हर्जनला डीफॉल्ट लॅटिन१ होता, म्हणजे फक्त इंग्रजीसारखी अक्षरं साठवणारी पद्धत, त्यात "विहिरीजवळचा" टाकलं की प्रश्नचिन्हं दिसतात. टेबल बनवतानाच यूटीएफ८एमबी४ (मराठीसकट सगळी अक्षरं घेणारी पद्धत) लिहा. चिन्हं होऊन गेलेला डेटा नंतर परत येत नाही.

तपासा: ज्याने हा कोड लिहिला नाही अशा मेंबरने रेपो क्लोन करायचा (गिटहबवरून स्वतःकडे उतरवायचा) आणि फक्त रीडमी (कसं चालवायचं ते लिहिलेली फाईल) वाचून स्वतःच्या लॅपटॉपवर चालवायचा. कुणी शेजारी बसून सांगायचं नाही. १५ मिनिटांत चाललं तर पुढे जा. नाही चाललं तर जिथे अडलं ते रीडमीत लिहा आणि तिसऱ्या मेंबरला चालवायला द्या.

## ६. दर आठवड्याचं काम आणि गिटची शिस्त

आमच्या वेळी आमच्या ग्रुपने कोड व्हॉट्सअ‍ॅपवर झिप करून पाठवला होता. फायनल, फायनल नवीन, फायनल खरंच. सबमिशनच्या आदल्या रात्री एका मैत्रिणीने जुनी झिप उघडून त्यावर दुरुस्त्या केल्या आणि दोघींचं पाच दिवसांचं काम एकमेकांवर गेलं. सकाळी आम्ही अर्ध्या सोयी नसलेलं दाखवलं. तिची चूक नव्हती, आमची पद्धतच चुकीची होती, आणि ते मला अजून लागतं.

म्हणून हे रोजचं ठरवून टाका. कामाला बसताना आधी पुल, म्हणजे गिटहबवरचा ताजा कोड उतरवा. स्वतःची ब्रँच (कोडची वेगळी फांदी) काढा. एक लहान गोष्ट चालली की कमिट, आणि मेसेजमध्ये काय केलं ते लिहा, "अपडेट" किंवा "चेंजेस" याला काही अर्थ नाही, "औषधाची नोंद पुसता येते" असं लिहा. दोन दिवसांच्या वर ब्रँच वेगळी ठेवू नका, मुख्य ब्रँचमध्ये मर्ज करा, म्हणजे मिसळा. जितकं लांबवाल तितका कॉन्फ्लिक्ट मोठा होतो.

कॉन्फ्लिक्ट आला म्हणजे काही बिघडलं असं नाही. दोघांनी एकाच ओळीला हात लावला एवढंच. फाईल उघडा, गिटने खुणा करून दोन्ही बाजू वर-खाली दाखवलेल्या असतात. ज्याचा दुसरा भाग आहे त्याला फोन करा, दोघांनी मिळून काय ठेवायचं ते ठरवा, खुणांच्या ओळी पुसा, चालवून बघा, मगच कमिट. घाबरून फोल्डर उडवून परत क्लोन करायची सवय लागते मुलांना, त्यात न पुश केलेलं काम जातं. आणि फोर्स पुश, म्हणजे गिटहबवरचं पुसून आपलं जबरदस्तीने चढवणं, तर एकट्याने कधीच नाही.

गिटइग्नोर फाईल (काय रेपोत घ्यायचं नाही त्याची यादी) पहिल्या दिवशी टाका, लायब्ररींचं फोल्डर आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट रेपोत जायला नको. गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाईल घेतच नाही, आणि ती एकदा कमिटमध्ये गेली की पुढच्या कमिटमध्ये पुसूनही पुश अडतो, कारण इतिहासात ती राहते.

सावध: डेटाबेसचा पासवर्ड किंवा कुठलीही एपीआय की (बाहेरची ऑनलाइन सेवा वापरायचा गुप्त कोड) कोडमध्ये लिहू नका, वेगळ्या एन्व्हायर्नमेंट फाईलमध्ये ठेवा आणि ती फाईल इग्नोर करा. चुकून पब्लिक रेपोत गेलीच तर ओळ पुसून भागत नाही, ती की रद्द करून नवीन काढा.

## ७. एरर आणि एआय

एरर आला की पहिल्यांदा तो वाचा, स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकणं नंतर. पायथनमध्ये सगळ्यात खालची ओळ आधी वाचायची, काय झालं ते तिथे असतं, मग वर जात जात तुमच्या स्वतःच्या फाईलचं नाव आणि ओळ नंबर शोधायचा. लायब्ररीच्या आतल्या ओळींकडे सध्या बघू नका. अर्धा तास स्वतः, मग ग्रुप, मग गाईड, हा क्रम ठेवा. तीन दिवस एकट्याने अडून बसणं ही मेहनत वाटते पण त्याने सगळ्यांचं काम थांबतं.

एआयकडून कोड घेणारच आहात हे मला माहितेय. कॉलेजची परवानगी असेल तर घ्या, पण जी ओळ मी पाटीवर समजावून सांगू शकत नाही ती प्रोजेक्टमध्ये जाणार नाही, हा नियम स्वतःला लावा. तपासायची साधी रीत: फंक्शन पुसा आणि न बघता परत लिहा. जमलं तर ते तुमचं. आणि एआय आधी न विचारलेल्या पाच लायब्ररी आणि निराळी फोल्डर रचना देतं, चौघांनी चार वेगवेगळ्या चॅटमधून कोड आणला की तो एकमेकांत बसत नाही, तेव्हा रचना आधी तुम्ही ठरवा आणि त्याला फक्त एकेक लहान भाग विचारा.

तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, रिपोर्टसकट. घेऊ नका. एक्स्टर्नलनी तेच शीर्षक आणि तेच स्क्रीन आधी बघितलेले असतात, आणि पकडलं गेलं नाही तरी पुढे इंटरव्ह्यूला रेझ्युमेवरच्या याच प्रोजेक्टवर अर्धा तास प्रश्न येतात.

## ८. रिव्ह्यू

रिव्ह्यूला पीपीटीच्या २० स्लाइड नकोत. चालू कोड दाखवा, मागच्या वेळी काय सांगितलं होतं आणि त्याचं काय केलं ते दाखवा, आणि काय अडलंय ते स्पष्ट सांगा. सगळं छान चाललंय असं सांगितलं तर मदत कशी मिळणार? सरांनी सांगितलेलं तिथल्या तिथे लॉगबुकमध्ये लिहा आणि सही त्याच दिवशी घ्या, शेवटी सगळ्या सह्या एकदम घ्यायला गेलं की सर रजेवर असतात.

## ९. शेवटचे दोन आठवडे: नवीन काही नाही

सबमिशनच्या दोन आठवडे आधी नवीन सोय टाकणं बंद. आता फक्त मोडून बघायचं. आपल्या उदाहरणात काय काय मोडतं बघा:

प्लॉटवर एकही फवारणी नसेल तर? पायथनमध्ये रिकाम्या यादीतली मोठ्यात मोठी तारीख मागितली की प्रोग्राम एरर देऊन थांबतो. पीएचआय रिकामा ठेवला तर? शून्य धरलं तर आजच काढणी करा असं सांगेल, आणि ते धोक्याचं आहे, तिथे "माहिती अपुरी" असंच यायला हवं. ३० जानेवारी २०२७ ला फवारलं आणि पीएचआय ३० दिवस, उत्तर १ मार्च यायला हवं. २०२८ साली तेच २९ फेब्रुवारी येईल. ज्यांनी महिना ३० दिवसांचा धरून हाताने हिशोब लिहिला त्यांचं इथे चुकतं, तारखांना लँग्वेजची तयार लायब्ररीच वापरा.

ऑनलाइन टाकलं की एक लपलेली चूक येते. सर्व्हरचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. शेतकरी पहाटे पाचला ब्लोअर (फवारणीचं यंत्र) काढतो, नोंद लगेच टाकली तर सर्व्हर आदल्या दिवशीची तारीख लावतो आणि काढणीची तारीख एक दिवस अलीकडे येते. लॅपटॉपवर हे कधीच दिसत नाही. तारीख सर्व्हरवर सोडू नका, भारतीय वेळ ठरवून द्या.

नोंदी सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या फाईलमध्ये) काढून एक्सेलमध्ये उघडल्या की मराठी अक्षरांची जागा भलत्याच चिन्हांनी घेतलेली दिसते, ती फाईल बीओएमसकट (अक्षरांची पद्धत सांगणारी सुरुवातीची खूण) यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. पीडीएफ बनवणाऱ्या काही लायब्ररींमध्ये जोडाक्षरं फुटतात, "द्राक्ष" नीट छापलं जातंय का एकदा डोळ्यांनी बघा.

फुकट होस्टिंगबद्दल: हेरोकूचा मोफत प्लॅन २८ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला, तरी मुलं अजून तेच व्हिडिओ बघून दोन दिवस घालवतात. रेंडरसारख्या ठिकाणी मोफत सर्व्हर थोडा वेळ कुणी वापरला नाही की झोपतो आणि पुढच्या वेळी उघडायला वेळ लागतो. डेमोच्या आधी पाच मिनिटं पान उघडून ठेवा.

तपासा: ज्यांची डायरी बघितली होती त्यांच्या हातात फोन द्या आणि गप्प बसा. ते कुठे थांबतात ते लिहा. तुम्ही मधे बोललात की ही टेस्ट वाया गेली.

## १०. रिपोर्ट, डेमो, व्हायव्हा

रिपोर्ट दर आठवड्याला अर्धं पान लिहिला असेल तर आता फक्त जोडायचा आहे. आकृत्या कोडशी जुळतात का बघा, जुन्या टेबलांचा ईआर डायग्राम (टेबलांचे संबंध दाखवणारी आकृती) राहून गेलेला असतो आणि एक्स्टर्नल नेमका तोच उघडतात. इंटरनेटवरून उचललेला मजकूर प्लेजरिझम चेकमध्ये सापडतो, स्वतःच्या साध्या वाक्यात लिहा. प्रिंट आणि बाइंडिंग दोन दिवस आधी करा, शेवटच्या दिवशी कॉलेज रोडच्या दुकानांत सगळ्या कॉलेजांची मुलं एकदम असतात आणि गाईडची सही राहिलेलं पान सापडत नाही.

डेमोला रिकामा डेटाबेस नेऊ नका, खऱ्या १५-२० नोंदी टाकून ठेवा. कॉलेजच्या वायफायवर अवलंबून राहू नका, लॅपटॉपवर लोकल चालणारी प्रत ठेवा, दुसऱ्या मेंबरच्या लॅपटॉपवर तीच प्रत, आणि दोन मिनिटांचं स्क्रीन रेकॉर्डिंग. आधी काय सुटतं ते दाखवा, लॉगिन नंतर. चौघांनी बोलायचं, आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या भागातलं एक फंक्शन समजावून सांगायचा सराव आदल्या दिवशी करायचा.

व्हायव्हात विचारतात ते साधारण असं: हा टेबल वेगळा का केला, ही ओळ काढली तर काय होईल, दोन माणसांनी एकाच वेळी सेव्ह केलं तर, तू स्वतः काय लिहिलंस. शेवटच्याला उत्तर म्हणून गिटहबवरचे तुमचे कमिट उघडून दाखवा. येत नसेल तर "हे मी बघितलेलं नाही, पण असं शोधेन" म्हणा आणि कसं शोधाल ते सांगा, बनवून सांगितलेलं लगेच कळतं. "इथेच बदल करून दाखव" म्हणाले तर घाई करू नका, नवीन ब्रँच काढून बदला, म्हणजे चालतं असलेलं तसंच राहतं.

सगळं झाल्यावर त्याच दिवशी रेपोत एक टॅग (सबमिट केलेल्या कोडवरची खूण) लावा, रीडमीत चौघांची नावं आणि कुणी काय केलं ते लिहा, त्यात शेतकऱ्याचा फोन नंबर किंवा खऱ्या नोंदी राहिल्या असतील तर काढून खोट्या टाका, आणि ज्यांच्या डायरीवर हे बांधलं त्यांच्या नोंदी त्यांना एक्सेलमध्ये काढून द्या, कारण तुमचा मोफत सर्व्हर बंद पडला तरी त्यांना काढणीच्या वेळी त्या लागणार आहेत.